तिसरं रीळ

पाचव्या दिवशी दुपारी अडीचलाच वखार भरली आणि मूकांबिकेला स्वतःच्या माहेरात टेकायला जागा उरली नाही.

"अक्का, इकडे या, इकडे," असं चारी बाजूंनी लोक म्हणत होते, पण सरकत कोणीच नव्हतं. शेवटी ती सरळ पुढे गेली आणि आयीच्या खुर्चीपाशी, पडद्यापासून दहा हातांवर जमिनीवरच फतकल मारून बसली. मान वर करून बघावं लागणार होतं. लागू दे. शिरसीकडून दोन बस बदलून ती आली होती. निघताना नवरा म्हणालाच, "देवीच्या जत्रेला चल म्हटलं की तुझे गुडघे दुखतात. सिनेमाला कसे दुखत नाहीत ते?" ती म्हणाली होती, "जत्रेत चालावं लागतं. सिनेमात नुसतं विरघळायचं असतं."

सुपारी सोलायला आणि पोती रचायला तिच्या वडिलांनी, अप्पय्यांनी, बांधलेली ही लांबलचक वखार माघात रिकामी व्हायची. त्या रिकामपणातले पाच दिवस मागून घेऊन धाकटा भाऊ सुब्राय गेली सहा वर्षं तिथे जगभरचे सिनेमे आणत होता. खिडक्यांना दुहेरी गोणपाट ठोकलं की भर दुपारी आत काळोख. कानुगोडूत घरं जेमतेम साठ, पण आज आत तीनशेच्या वर डोकी होती. सागरच्या कॉलेजातले दोन मास्तर, आसपासच्या गावांतले बागाईतदार, सुपारी सोलणाऱ्या बायका पोराबाळांसकट, आणि दाराशी उभ्याउभ्याच पान जमवणारे मंजय्या हेगडे. या हेगड्यांनी सहा वर्षांत एकही सिनेमा चुकवला नव्हता आणि एकालाही बरं म्हटलं नव्हतं.

"कालचा इटलीचा कसा वाटला, हेगडे?" मूकांबिकेनं मागे वळून विचारलं.

"दोन तास विहीर खणली आणि पाणी लागलंच नाही. माझ्या बागेतही तसंच झालं होतं. त्याला तिकीट कशाला काढायचं?"

"मग रात्री झोप का नाही लागली म्हणे? तुमची बायको सांगत होती."

"पाणी लागायला हवं होतं," हेगडे पुटपुटले आणि चुना शोधू लागले.

ती हसली. याच्यासाठीच ती येत असे. पहिल्या दिवशी जपानातल्या एका छत्र्या बनवणाऱ्या म्हाताऱ्याचा सिनेमा झाला. त्यात तो म्हातारा मेलेल्या बायकोची छत्री उघडतो आणि पुन्हा मिटून ठेवतो, बस, एवढंच होतं. पण ती छत्री उघडताना येणारा बारीक 'कट्' असा आवाज मूकांबिकेच्या कानात पाच दिवस बसला होता. आपण आयुष्यभर हजार गोष्टी बघतो आणि एकही बघत नाही. कोणीतरी परक्या मुलखातला माणूस उठतो, आपल्या हनुवटीला बोट लावून तोंड वळवतो आणि म्हणतो, बाई, हे बघ. तिला या कलेचं एवढंच कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

आयीनं खुर्चीतून खाली वाकून विचारलं, "तिम्मा आला का गं?"

"अण्णा कशाला येतोय?"

"नाही, म्हटलं शेवटचा दिवस."

शेवटचा दिवस खराच होता. उद्या सोमवारी दहा वाजता सागरहून दोन पंच वाटणीला येणार होते आणि वखार तिम्मप्पाच्या हिश्शाला जाणार हे ठरल्यातच होतं. थोरल्या तिम्मप्पानं बायकोकरवी निरोप धाडला होता: पुढच्या वर्षापासून इथे औषधाचे पंप राहतील, पडदा नाही. बायकोकरवी, कारण दोन वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. एकाच पंगतीत बसून जेवायचे आणि एक म्हणायचा, "आयी, त्याला विचार ताक हवं का." दुसरा म्हणायचा, "आयी, नको म्हणून सांग." आयी मधे बसून ताकाचं भांडं इकडून तिकडे करायची.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सुब्राय महिनाभर पुण्याला सिनेमा शिकायला गेला असताना अप्पय्यांनी अंथरूण धरलं. तार गेली. सुब्राय पोचला तेव्हा चिता विझलेली होती. पुण्यात राहणाऱ्या एका चुलतभावानं मागाहून सांगितलं, तार दुपारी दोनला पोचली होती, पण हा संध्याकाळपर्यंत सिनेमाच्या खोलीत बसून होता. तिम्मप्पानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तो भावाशी एक अक्षर बोलला नाही. तिम्मप्पा! ज्याचं बोलणं ऐकायला तीन तालुक्यांतून माणसं बैलगाड्या जुंपून यायची. ताळमद्दळेत, म्हणजे नाच नाही, रंग नाही, मुकुट नाही, नुसतं समोरासमोर बसून पुराणातल्या राजांच्या तोंडची भाषणं आयत्या वेळी रचायची, त्या खेळात त्याच्यासमोर बसायला भलेभले कचरत.

तीन वाजले. ऑपरेटर बस्त्यांवनं यंत्राचा दिवा लावला आणि सुब्राय मायक्रोफोन घेऊन बाजूच्या स्टुलावर बसला. सिनेमा हंगेरीचा होता, चाळीस वर्षांपूर्वीचा, काळापांढरा. खाली इंग्रजी अक्षरं उमटत, ती वाचून सुब्राय कन्नडात सांगत जाई.

"आज मी फार बोलणार नाही," तो म्हणाला. "एवढंच सांगतो, की ही एकच पेटी मिळवायला मी दोन वर्षं पत्रं लिहिली आहेत. आणि ती साडेसहाच्या आत, नाही, सहाच्या बसनं धारवाडला जायची आहे. म्हणून वेळेवर सुरू करू."

आणि काळोखात पाण्याचा आवाज आला. पडदा काळाच, पण पाणी ऐकू येत होतं. मग हळूहळू उजाडलं आणि नदी दिसली. वाफाळती, रुंद, दुसरा काठच नसलेली.

"अगं बाई," आयी म्हणाली. "शरावतीच की."

पहिल्या रिळात म्हातारा नावाडी मेला. त्याचं मरणं दाखवलंच नाही. त्याचे हात दाखवले, वल्ह्यावर घासून गुळगुळीत झालेले, आणि मग तेच वल्हं दाखवलं, हातांशिवाय. वखारीत कोणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. नावाड्याला दोन मुलगे. थोरला होडी धरून राहिला. धाकटा नदीवर नवा पूल बांधत होते तिथे कामाला होता, बाप मेला तेव्हाही तिथेच, म्हणजे होडीच्या मुळावरच आला. दुसऱ्या रिळात पूल रोज एक हात वाढत होता आणि होडीत रोज एक माणूस कमी बसत होतं. थोरला काही बोलत नव्हता. नुसता रिकाम्या फळ्या पुसत होता. मूकांबिकेच्या मानेपाठीची कळ केव्हाच पळाली होती. ती गुडघ्यांवर उभी राहण्याच्या बेतात होती.

दुसरं रीळ फटफट करत संपलं, दिवा लागला आणि तीनशे माणसं एकदम बोलू लागली.

"थोरल्याचं बरोबर आहे."

"काय बरोबर? पूल काय त्याच्या बापाला विचारून बांधायचा?"

"बापालाच विचारायला हवं होतं, मेला ना तो!"

या गलक्यात बस्त्यांवनं तिसरा डबा उघडला, पट्टी उजेडाकडे धरून बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं सुब्रायला खूण केली. सुब्राय गेला, त्यानंही पट्टी बघितली. मग दोघांनी डब्यावरचं लेबल वाचलं. मग पुन्हा पट्टी. मूकांबिका उठून तिथे पोचली.

"काय झालं?"

"अक्का, हे आपलं नाही." सुब्राय म्हणाला. "डब्यावर तीन नंबर आहे. आत गहू आहेत."

"गहू?"

"गव्हाचं पीक. खताचा माहितीपट. कुठेतरी डबे भरताना अदलाबदल झाली."

"आणि चौथं?"

"चौथं आहे. बरोबर आहे. मधलंच नाही."

बातमी पडद्यापासून दारापर्यंत पोचायला मिनिटभरही लागलं नाही. "खीर वाढली आणि मधलं पान उचललं," हेगडे दारातून ओरडले. सागरचे मास्तर घड्याळं बघू लागले. सुब्रायनं मायक्रोफोन हातात घेतला.

"ऐका. मी, मी हा सिनेमा पाहिलेला आहे. तिसरं रीळ मी सांगतो. तर होतं असं, की त्या दिवशी नदीला पूर, म्हणजे बर्फ वितळून. आणि दोघे भाऊ स्वयंपाकघरात. तिथे एक टेबल आहे. दिवा. आणि कॅमेरा, म्हणजे आधी दिवा दिसतो, मग..."

तो अडखळत होता. सिनेमा बघायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. एखाद्या चौकटीत उजेड कुठून येतो हे तो तासभर सांगे आणि ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरातली खिडकी नव्यानं दिसे. पण गोष्ट सांगायची म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटे. मागे कुजबुज वाढली. एक बाई पोराला घेऊन उठली. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या.

मूकांबिका बाजूच्या दारानं बाहेर पडली. उन्हानं तिचे डोळे दिपले. अण्णा घरात असणार, ओसरीवर. तरातरा ती वखारीला वळसा घालून निघाली आणि उत्तरेच्या कोपऱ्यावर थबकली.

खिडकीशी एक धोतर उभं होतं. धोतर, उघडी पाठ, जानवं. डोकं मात्र नव्हतं. डोकं गोणपाटात होतं.

"अण्णा?"

पाठ दचकली. गोणपाटातून आधी पिकली शेंडी निघाली, मग तिम्मप्पाचा लालबुंद चेहरा. डाव्या डोळ्याभोवती तागाच्या धाग्यांचं वर्तुळ उमटलं होतं.

"मी खिळे बघत होतो," तो म्हणाला. "सैल झालेत."

"पाच दिवस?"

खिडकीखाली दोन विटा रचलेल्या होत्या आणि विटांशेजारी कषायाचा, म्हणजे धण्याजिऱ्याच्या काढ्याचा, रिकामा पेला होता. म्हणजे वहिनीला, कावेरी अत्तिगेला, हे माहीत होतं. नवऱ्याला इथे आणून कषाय पाजत होती आणि घरात "ह्यांना सिनेमाचं नाव काढलेलं खपत नाही" म्हणून सांगत होती.

"नावाची मूकांबिका आहेस," तिम्मप्पा म्हणाला. "आज तरी नावाला जाग. कोणाला सांगू नकोस."

"सांगायला वेळ कुणाला आहे? तिसरं रीळ आलेलं नाही."

"ऐकलं." त्यानं हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. आतून सुब्रायचा आवाज येत होता: आणि मग तो म्हणतो, म्हणजे थोरला म्हणतो, की, काय म्हणतो, होडीबद्दल म्हणतो. "ऐकतेयस? वाक्याला शेंडा ना बुडखा. आमच्या बापाच्या पोटचा हा! उभं राहून वाक्य कसं टाकावं हेही येत नाही त्याला."

"माणसं उठून जायला लागलीत, अण्णा."

"जाऊ देत."

"अप्पय्यांच्या वखारीतून? कानुगोडूत बोलणाऱ्याला बोलता आलं नाही म्हणून माणसं उठून गेली, असं सागरचे मास्तर उद्या सगळ्या तालुक्यात सांगणार. सांगू देत."

 तिम्मप्पानं खांद्यावरचं उपरणं झटकलं, डोळ्याभोवतीचे धागे पुसले.

"तो थोरला," त्यानं विचारलं, "फळ्या पुसतो तेव्हा रागात असतो की रडत?"

"मला वाटतं त्याला स्वतःलाच ठाऊक नाही."

"हं," तो म्हणाला. "तसंच वाटलं मला." आणि विटांवरून उतरून तो चालू लागला.

तिम्मप्पा दारातून आत आला तेव्हा उठलेली माणसं जिथल्या तिथे बसली. कोणाला सांगावं लागलं नाही. तो पडद्यासमोर आला, जमिनीवर मांडी घातली, मायक्रोफोनकडे पाहिलं आणि तो दूर सरकवला. त्याला कधी मायक्रोफोन लागला नव्हता.

"आयी," तो म्हणाला, "त्याला सांग, समोर बस म्हणावं."

"तूच सांग," आयी म्हणाली. "माझी आज रजा आहे."

वखारीत खसखस पिकली. तिम्मप्पानं एकवार छताकडे बघितलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा तो भावाकडे वळला. "बस. प्रसंग काय आहे तेवढं सांग. थोरला मी. धाकटा तू."

सुब्राय समोर बसला. "स्वयंपाकघर. मधे टेबल, त्यावर दिवा. बाहेर बर्फाचे तुकडे नदीतून वाहतायत, त्यांचा आवाज. धाकटा होडी मागायला आला आहे. पुलाचे मजूर पलीकडे अडकलेत, त्यांना आणायला. थोरला देत नाही."

"पुरे." तिम्मप्पानं डोळे मिटले, उघडले, आणि त्याचा आवाजच बदलला. तो खालच्या पट्टीत, अगदी घरगुती झाला. "ये. बस. सूप गार झालंय. गारच पी. या घरात सगळं गारच मिळतं, कारण वेळेवर कोणी येत नाही."

बस्त्यांवनं डबा खाली ठेवला.

"मी सूप मागायला आलो नाही," सुब्राय म्हणाला. "होडी मागायला आलो."

"होडी! दिवसा तिच्या नरडीवर दगड रचतोस आणि संध्याकाळी तिच्याच पाठीवर बसायला येतोस? तुझा पूल कुठे गेला? चालत जा की पुलावरून."

"पूल अजून पुरा नाही."

"तुझं काय पुरं आहे ते सांग! शाळा अर्धी. शेत अर्धं. लग्न पाऊणसुद्धा नाही." इथे सगळी वखार हसली. सिनेमातल्या धाकट्याच्या लग्नाची गोष्टच कुठे नव्हती, पण सुब्रायच्या होती. "बाप पुरा गेला, तेव्हाही तू अर्ध्या वाटेवर होतास."

हसू विरलं. पहिल्या रिळात धाकटा मरणाच्या वेळी पुलावर होता, हे खरं. तेव्हा हा प्रश्न सिनेमातलाही असेल. असेलही. मूकांबिकेनं आयीचा पाय घट्ट धरला.

"विचारतो त्याचं उत्तर दे," तिम्मप्पा म्हणाला. आवाज अजून खालीच होता. "बापानं तुझं नाव घेतलं. तीनदा घेतलं. मी सांगितलं, येतोय, वाटेत आहे. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला लावलंस तू मला. त्या वेळी तू कुठे होतास?"

सुब्राय गप्प झाला. बराच वेळ गप्प. मास्तरांपैकी एकानं दुसऱ्याच्या कानात म्हटलं, "विराम सुरेख घेतलाय."

"बाकावर," सुब्राय म्हणाला. "बाकावर बसलो होतो. काळोख होता."

पुलावर बाक नसतात. घरातल्या तिघींना ते तत्काळ कळलं. बाकीच्यांना अजून नव्हतं.

"निरोप दोनला आला," तिम्मप्पा म्हणाला. "तू निघालास सहाला."

"निरोप दोनला आला तो कचेरीत आला. शिपाई तो घेऊन मला शोधत होता. खोलीवर गेला, खानावळीत गेला. मग तिथे आला. दार ढकलून उभा राहिला, पण काळोखात कोण कोण ते त्याला दिसेना. मोठ्यानं हाक मारायला तो लाजला. सगळे पडद्याकडे बघत होते, तोही बघू लागला. तोही माणूसच." सुब्रायचे शब्द आता अडखळत नव्हते. एकामागून एक येत होते. "तिसरं रीळ संपलं, दिवे लागले, तेव्हा त्यानं माझं नाव पुकारलं. तेव्हा साडेतीन झाले होते. मी तसाच उठलो. चप्पल बाकाखाली राहिली. गाडी सहालाच होती, त्याआधी गाडीच नव्हती. अडीच तास मी फलाटावर अनवाणी उभा होतो."

"आणि हे दोन वर्षांत..."

"तू विचारलंस कधी? ताक हवं का, एवढंच विचारलंस. तेही आयीला." त्यानं डोळे पुसले. "हाच सिनेमा होता, अण्णा. चौथं रीळ मी पाहिलेलं नाही. दोन वर्षं मला माहीत नाही की त्या दोघांचं पुढे काय झालं."

आता सगळ्यांना कळलं. कावेरी अत्तिगे खांबाला टेकून पदर तोंडात कोंबून उभी होती. मंजय्या हेगड्यांचं पान हातातच राहिलं होतं.

तिम्मप्पा बसल्या जागी हलला नाही. त्याचा चेहरा मूकांबिकेनं पन्नास ताळमद्दळ्यांत पाहिला होता, जिंकताना, चिडताना, समोरच्याची फजिती करताना. असा कधीच पाहिला नव्हता. पुढे काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

"प्रसंगात," शेवटी तो म्हणाला, "प्रसंगात पुढे काय होतं?"

"थोरला होडीच्या साखळीची किल्ली टेबलावर ठेवतो. काही बोलत नाही. धाकटा किल्ली घेऊन जातो. दार उघडंच राहतं. बाहेरून वारा येतो, दिवा विझतो, तरी थोरला उठून दार लावत नाही."

तिम्मप्पानं कनवटीला हात घातला. वखारीच्या कुलपाची किल्ली तिथेच असायची. ती त्यानं दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली. सुब्रायनं ती उचलली. उठून तो उजेडातून बाजूला गेला. तिम्मप्पा एकटाच उघड्या दाराकडे बघत बसून राहिला, इतका वेळ, की बाहेर नदी आहे आणि तिच्यातून बर्फ वाहतंय अशी मूकांबिकेची खात्री पटली.

"बस्त्यांव," तो म्हणाला. "चौथं लाव."

टाळ्या वाजल्या त्या काळोखात वाजल्या.

चौथ्या रिळात पूल पुरा झाला. बँड, झेंडे, टोप्या घातलेले साहेब. सगळं गाव पुलावरून चाललं होतं आणि खाली नदीत थोरला एकटा रिकामी होडी वल्हवत होता. वर गर्दीत धाकटा. त्यानं खाली होडी पाहिली आणि तो कठड्याशी येऊन थांबला. सुब्राय मायक्रोफोन विसरून उभा होता. वाचून दाखवायला काही नव्हतंही. होडी हळूहळू पुलाखाली शिरली. धाकट्यानं एकदम वळून गर्दीतून वाट काढली, लोकांना ढकललं, धावला, आणि पलीकडच्या कठड्यावर ओणवा होऊन खाली बघू लागला. पडद्यावर आता त्याचा नुसता चेहरा. तो बघतोय. बघतोय. बँड थांबला. पाण्याचा आवाज. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

आणि पडदा पांढरा झाला.

"अरे!" तीनशे तोंडांतून एकच शब्द निघाला.

"होडी कुठाय?"

"आली ना बाहेर!"

"कुठे आली? तू पाहिलीस?"

"बुडली असणार. बर्फ होतं."

"बर्फ मागच्या रिळात होतं, तेही आपण पाहिलेलं नाही!"

"मी म्हणतो बाहेर आली," तिम्मप्पा उठून उभा राहिला होता. त्याचा आवाज आता पूर्ववत तीन तालुक्यांचा झाला होता. "त्याच्या डोळ्यांत बघा. बुबुळांत उजेड हलला. पाण्यावर काहीतरी आलं म्हणूनच हलला!"

"नाही, अण्णा," सुब्राय म्हणाला. "त्याचा ओठ बघ. उजेड पाण्याचाच आहे. रिकाम्या पाण्याचा. म्हणून तर दिग्दर्शकानं बँड थांबवला."

"बँड थांबला कारण त्याला भाऊ दिसला! भाऊ दिसल्यावर बँड ऐकू येतो का कोणाला?"

"मग होडी दाखवायला काय जात होतं त्याचं?"

"दाखवली असती तर तू आणि मी भांडलो असतो का?"

सुब्राय हसला, आणि हसताना त्याला हुंदका आला, आणि तिम्मप्पानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, एवढा जोराचा, की मायक्रोफोन गडगडला.

मूकांबिका दोघांच्या मधे घुसली. "मला विचाराल का? तुम्ही दोघंही होडीच बघताय. तो बघतोय की नाही, हे बघा. पहिल्या रिळापासून त्यानं थोरल्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. सिनेमा तिथेच संपला. होडीचं होडीला माहीत."

"वाचा फुटली बघा मूकीला," तिम्मप्पा म्हणाला, पण विचारात पडला.

"पाणी लागायला हवं होतं," दाराशी हेगडे म्हणाले. "पण हा बरा आहे."

सगळी वखार त्यांच्याकडे वळून बघू लागली. हेगडे ओशाळले.

तेवढ्यात नाक्यावर सहाच्या बसचा भोंगा वाजला. बस्त्यांवनं डबे पेटीत घालायला घेतले. तिम्मप्पानं त्याचा हात धरला.

"पुन्हा लाव."

"अण्णय्या, बस आली. पेटी धारवाडला..."

"बस थांबेल. कंडक्टर चन्नबसप्पा माझा श्रोता आहे, रात्रभर पुढच्या रांगेत बसतो. अरे, कोणीतरी जा रे, त्याला आत बोलवा. ड्रायव्हरलाही. आणि उतारूंना म्हणावं, बसमधे ताटकळत कशाला बसता? सगळं रीळ नको, पुलापासून लाव."

माणसं धावली. हा हा म्हणता पिशव्या, कोंबड्या, पत्र्याची ट्रंक असं सगळं घेऊन बसभर लोक वखारीत शिरले. "कशाचा खेळ?" "होडीचा." "बुडते?" "तेच तर ठरायचंय!" चन्नबसप्पा तिकिटांची पेटी पोटाशी धरून आयीच्या पायाशी बसला.

या गडबडीत तिम्मप्पा भावाकडे न बघता म्हणाला, "उद्या पंच येतील. घर वाटू, बाग वाटू, ते ठरलंय तसं होऊ दे. वखारीला दोरी लावायची नाही, ती दोघांची राहील."

"बरं," सुब्राय म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी डबे उघडून बघत जा आधी. गहू आणतो!"

दिवा गेला. बँड सुरू झाला, झेंडे आले, टोप्या आल्या. पुलाशी येताच तिम्मप्पाला राहवेना. तो उठून पुढे सरकला आणि त्याच्या शेंडीची भली मोठी सावली हंगेरीच्या आभाळावर पडली.

"तिम्मा, खाली बस," आयी कडाडली. "मला बघू दे माझं मी."

तो जिथे होता तिथेच बसला, सुब्रायच्या गुडघ्याला गुडघा लावून. "आता डोळ्यांकडे बघ हं," तो कुजबुजला. "ओठाकडे बघायचं नाही."

"तू ओठाकडे बघ, मी डोळ्यांकडे बघतो."

"श्शू!" चन्नबसप्पा म्हणाला.

होडी पुलाखाली शिरली, आणि वखारीतल्या चारशे माणसांनी श्वास रोखला.